दहा मजुरांची अट आणि एका मजुराचा जीव : कोरेगावच्या बांधकामांवर सुरक्षेचा कायदा का पोहोचत नाही?

कोरेगाव : देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. त्यातली एक संहिता थेट कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची आहे. सुरक्षेत कसूर होऊन कामगाराचा जीव गेला, तर मालकाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद तिच्यात आहे. जुन्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, एवढीच होती. कागदावर पाहिलं तर कायदा कितीतरी कडक झाला.

पण कोरेगाव शहरात आणि तालुक्यातल्या गावांत आज जी घरं, गाळे, शाळाखोल्या, गटारं आणि पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात, त्यातल्या किती कामांवर हा कडक कायदा लागू होतो? बारकाईने पाहिलं, तर उत्तर अवघड आहे. बहुतेक कामं या ना त्या सवलतीतून बाहेर पडतात. जी कायद्यात बसतात, तिथेही पाहायला कुणी येत नाही.

दोन ओळींची बातमी

बांधकामावरचे मोठे अपघात आपल्याला आठवतात. २९ जून २०१९ ला पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण गेले. ३ फेब्रुवारी २०२२ ला येरवड्यात तळघराच्या कामावर लोखंडी सळयांची जाळी कोसळून पाच कामगार दगावले. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. एकाच वेळी इतके जीव गेले म्हणून चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले.

तालुक्याच्या गावात माणूस एकटा पडतो. परांचीचा बांबू सुटतो. वर चढवताना सळई विजेच्या तारेला लागते. पाइपलाइनच्या चारीची कड ढासळते. ओलं सेंट्रिंग लवकर काढलं की छज्जा खाली येतो. अपघाताचे प्रकार हेच, पण मेलेला माणूस एक असतो. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, पेपरात दोन ओळी येतात आणि आठ-दहा दिवसांत काम पुन्हा सुरू होतं.

यातलं काहीही टाळता न येण्यासारखं नाही. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम नियमांत खोल खोदाईच्या कडांना आधार देण्यापासून परांचीला कठडा लावण्यापर्यंत सगळं लिहिलेलं आहे. विजेच्या सुरक्षा नियमांनुसार ११ केव्ही लाइनपासून इमारत आडव्या अंतराने किमान १.२ मीटर आणि उभ्या अंतराने ३.७ मीटर लांब हवी. गावठाणात आधीच्या घरावर दुसरा मजला चढवताना नेमकं हेच अंतर संपतं. तिथे सहा मीटरची सळई उभी धरून वर देणारा बिगारी तारेपासून हातभर अंतरावर असतो.

दहाचा आकडा

१९९६ च्या कायद्यात आणि नव्या सुरक्षा संहितेतही दहा कामगारांची मर्यादा आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, तर त्या बांधकामाला सुरक्षेची ही कलमं लागू होत नाहीत. तालुक्यातल्या ठेकेदाराकडे रोज एक मिस्त्री, दोन गवंडी आणि चार बिगारी असतात. त्यामुळे "आमचं काम कायद्यातच येत नाही", असं ठेकेदार सहज म्हणतो आणि बहुतेकांना ते पटतंही.

यात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. १९९६ च्या कायद्याची भाषा अशी होती की, मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त कामगार असले, तरी ती आस्थापना कायद्याखाली येते. आता स्लॅबचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मिक्सरवाले, घमेली उचलणारे, व्हायब्रेटर धरणारा, सेंट्रिंगची माणसं, वर गवंडी. पंधरा-वीस माणसं सहज होतात. म्हणजे एका स्लॅबने ते काम दहाच्या वर जात होतं. ठेकेदाराने नोंदणी करायला हवी होती आणि काम सुरू होण्याच्या ३० दिवस आधी निरीक्षकाला कळवायला हवं होतं. पण स्लॅबवाली टोळी वेगळ्या मुकादमाची, सेंट्रिंगवाला वेगळा, फरशीवाला वेगळा. प्रत्येक जण आपापली माणसं मोजतो आणि कुणाचीच संख्या दहा होत नाही. गावात मजुरांचं हजेरीपुस्तक म्हणजे मिस्त्रीच्या खिशातली वही. ती हिशेबासाठी असते, कायद्याला दाखवण्यासाठी नसते.

नव्या संहितेतही "मागच्या बारा महिन्यांत दहापेक्षा कमी" अशीच भाषा आहे. स्लॅबच्या दिवसाची माणसं धरायची की नाही, हे नियमांत आणि अंमलबजावणीत स्पष्ट झालं नाही, तर पळवाट कायम राहील.

पन्नास लाखांची सवलत

दुसरी सवलत खर्चाची आहे. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं घर दहा लाखांपर्यंतच्या खर्चाचं असेल, तर १९९६ चा कायदा त्याला लागू नव्हता. तो आकडा ठरला तेव्हा दहा लाखांत मोठा बंगला होत असे. आजच्या दराने हजार-बाराशे चौरस फुटांचं साधं घरही त्यात बसत नाही. म्हणजे महागाईने का होईना, गावातली बरीच घरं कायद्याच्या कक्षेत आली होती.

नव्या संहितांनी स्वतःच्या घरासाठी ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला किंवा नोकरदाराला कटकट नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की, कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन, पिंपोडे परिसरातला जवळपास प्रत्येक बंगला आता सुरक्षेच्या कलमांबाहेर राहू शकतो. घरकुलांचा तर प्रश्नच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचं मूळ अनुदान एक लाख २० हजार रुपये आहे. तिथे मालक, गवंडी आणि घरातलीच माणसं मिळून काम उरकतात.

दंडाची रक्कम दोन हजारांवरून पाच लाखांवर गेली आणि त्याच वेळी गावातली बहुतेक घरं त्या दंडाच्या टप्प्याबाहेर गेली, असा हा हिशेब आहे.

अपघात झाल्यावर मात्र कायदा गाठतो

आता दुसरी बाजू. "आपण कायद्यात येत नाही" असं समजणारा ठेकेदार अपघातानंतर पूर्णपणे कायद्यात असतो, हे त्याला त्या दिवशी कळतं.

हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या भारतीय दंड विधानात ही मुदत दोन वर्षं होती. इमारत बांधताना किंवा पाडताना निष्काळजीपणा केल्याचं कलम २९० वेगळं. या दोन्ही कलमांना दहा मजुरांची अट नाही.

भरपाईचंही तसंच आहे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्याचं सूत्र सोपं आहे. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरवलेल्या गुणकाने गुणायचं. पगार जास्तीत जास्त १५ हजार धरायचा, असं केंद्राने ३ जानेवारी २०२० ला अधिसूचित केलं. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८ आहे. साडेसात हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. ही रक्कम महिन्याच्या आत भरली नाही, तर १२ टक्के व्याज. विनाकारण टाळाटाळ केल्याचं दिसलं, तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

मुख्य ठेकेदाराने काम उपठेकेदाराला दिलं, तरी मजुराची भरपाई देण्याची जबाबदारी मुख्य ठेकेदारावर राहते. नंतर ती रक्कम त्याने उपठेकेदाराकडून वसूल करावी. "तो माझा माणूस नव्हता, सेंट्रिंगवाल्याचा होता," हे उत्तर चालत नाही.

मिटवामिटवीचा व्यवहार

प्रत्यक्षात काय होतं? माणूस गेल्यावर दोन-चार दिवसांत गावातली मोठी माणसं बसतात. ठेकेदार, मालक, मयताचा भाऊ किंवा सासरा. "पोरं लहान आहेत, कोर्टकचेरीत काय मिळणार, केसला वर्षं जातील," असं समजावलं जातं. एक रक्कम ठरते, स्टॅम्पपेपरवर सही होते, दोन साक्षीदार. ठरलेली रक्कम कायद्याच्या हिशेबाच्या किती आसपास आहे, हे त्या बैठकीत कुणी काढत नाही, कारण गुणकाचा तक्ता कुणाला माहीत नसतो.

हा व्यवहार दोघांच्याही अंगाशी येऊ शकतो. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे त्या कामासाठी नेमलेल्या न्यायालयात जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वगळता वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे कायदा भरपाई म्हणून धरत नाही. हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल असतो. म्हणून स्टॅम्पपेपरवर सही घेतलेल्या ठेकेदारावरही नंतर पूर्ण दावा होऊ शकतो. १९२३ च्या कायद्यात अशा दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. दुसरीकडे, त्या सहीने आपला हक्क संपला असं समजून विधवा बाई घरी बसते. तिला खरं सांगणारं गावात कुणी नसतं.

परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेल्या मजुराचं तर विचारूच नका. विजापूर-कलबुर्गीकडचं कुटुंब अंत्यविधीसाठी गावी जातं आणि परत येऊन सातारला दावा चालवणं त्यांना परवडत नाही.

भांडी मिळतात, पण परांची कोण पाहतं?

बांधकाम कामगार म्हटलं की तालुक्यात सध्या डोळ्यांसमोर येतं ते कल्याणकारी मंडळ. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, १८ ते ६० वय, ऑनलाइन अर्ज. मग भांड्यांचा संच, सुरक्षा संच, मुलांची शिष्यवृत्ती. कामावर मृत्यू झाल्यास नोंदणीकृत कामगाराच्या वारसाला मंडळाकडून पाच लाख रुपये, नैसर्गिक मृत्यूला दोन लाख. योजना चांगल्या आहेत आणि गरजूंना त्याचा उपयोग झाला आहे.

या मंडळाकडे पैसा येतो तो सेसमधून. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का. सरकारी कामात तो बिलातूनच कापला जातो, खासगी कामात परवानगी देताना वसूल होतो. देशभरात हा पैसा पडून राहिल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात सुनावलं होतं. ३७ हजार ४०० कोटींहून अधिक सेस जमा झाला आणि त्यातले सुमारे साडेनऊ हजार कोटीच खर्च झाले, हे त्या निकालातले आकडे. त्यानंतर वाटप वाढलं. पण वाटप म्हणजे सुरक्षा नव्हे. मंडळाने दिलेलं हेल्मेट घरातल्या माळ्यावर आहे की मजुराच्या डोक्यावर, हे पाहणारी यंत्रणा तालुक्यात नाही.

९० दिवसांच्या दाखल्यावर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी किंवा ठेकेदार सही करतो. दलालांमुळे जे कधी घमेलं उचललं नाही त्यांची नावं यादीत आणि रोज परांचीवर चढणारा यादीबाहेर, अशी तक्रार राज्यभर आहे. वारसाला पाच लाख मिळायचे, तर नोंदणी अपघाताआधी हवी आणि नूतनीकरण चालू हवं. अनेक घरांना हे उशिरा कळतं.

ठेकेदाराची बाजूही ऐकायला हवी

लहान ठेकेदार म्हणजे खलनायक, असं चित्र रंगवणं सोपं आहे. पण तालुक्यातला ठेकेदार बहुतेक वेळा कालचा गवंडीच असतो. घराचं काम तो चौरस फुटाच्या मजुरी दराने घेतो. मालक चार जणांकडून दर काढतो आणि सर्वांत कमी दराच्या माणसाला काम देतो. त्या दरात हेल्मेट, पट्टा, कठडा, जाळी यांचा वेगळा रकाना नसतो. जो हे धरून दर सांगेल, त्याच्या हातून काम जातं.

सरकारी कामात तेच मोठ्या प्रमाणावर होतं. निविदा अंदाजपत्रकापेक्षा बरीच 'बिलो' जाते, काम पुढे उपठेक्यावर दिलं जातं आणि खालच्या माणसापर्यंत पोहोचेस्तोवर उरतं ते फक्त साहित्य आणि मजुरी. त्यात बिलं थकतात. २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली. सहा-आठ महिने बिल न मिळालेल्या माणसाला "सुरक्षेवर खर्च कर" असं सांगताना सरकारने आधी आपली बाजू साफ करायला हवी.

तरीही एक फरक करावाच लागेल. मोठी यंत्रं, सुरक्षा अधिकारी, समित्या हे लहान ठेकेदाराला न परवडणारं आहे आणि कायदाही ते त्याच्याकडून मागत नाही. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नवी संहिता २५० कामगारांच्या पुढेच मागते. तालुक्यात जीव जातात ते मात्र स्वस्तात टाळता येणाऱ्या गोष्टींनी. वीजमीटरजवळ गळती-संरक्षक स्विच, परांचीला आडवा कठडा, चारीला टेकू, तारेजवळच्या कामाआधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घेणं. यातल्या कशाचाही खर्च एका स्लॅबच्या खर्चाशेजारी नजरेत भरत नाही.

निरीक्षक वाढवून भागणार नाही

प्रत्येक साइटवर निरीक्षक पाठवा, ही मागणी ऐकायला बरी वाटते. पण कामगार कार्यालय साताऱ्यात, बांधकामं शेकडो गावांत आणि प्रत्येक काम चार-सहा महिन्यांचं. निरीक्षक पोहोचेपर्यंत गिलावा झालेला असतो. नव्या संहितेत तर निरीक्षकाला 'सुविधाकार'ही म्हटलं आहे आणि तपासणी संगणकाने निवडलेल्या ठिकाणी व्हायची आहे. लहान कामं त्या यादीत येण्याची शक्यताच कमी.

मग पकड कुठे घ्यायची? प्रत्येक बांधकामाचा कागद कुणाच्या ना कुणाच्या टेबलावरून जातोच. तिथे.

सरकारी कामांपासून सुरुवात करता येईल, कारण तिथे कायदा मोडणारा आणि पैसे देणारा दोघेही प्रशासनाच्या हाताखाली आहेत. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदेचा बांधकाम व ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, नगरपंचायत, ग्रामपंचायत. मोजमाप पुस्तिकेत नोंद करायला शाखा अभियंता साइटवर जातोच. त्याच भेटीत परांची, चारी, वीजजोडणी आणि मजुरांची यादी यांची एका पानाची नोंद करायला वेगळा कर्मचारी लागत नाही. ती नसेल तर चालू बिल नाही. निविदेत विम्याची अट असतेच, पण पॉलिसीत प्रत्यक्ष कामावरची माणसं आहेत का, हे त्याच वेळी पाहता येईल. त्या बदल्यात अंदाजपत्रकात सुरक्षेचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून धरावा आणि ती बाब 'बिलो'तून वगळावी. मग कमी दर लावणाऱ्याला जिवाच्या खर्चात कपात करता येणार नाही.

खासगी घरांना परवानगीच्या टप्प्यावर गाठता येईल. गावात लहान घरांच्या परवानग्या ग्रामपंचायतीच्या पातळीवर सुटसुटीत केल्या आहेत, ते योग्यच आहे. त्या अर्जाला एक साधं पान जोडता येईल : ठेकेदाराचं नाव, विजेच्या तारेचं अंतर, मजुरांच्या मंडळ-नोंदणीचे क्रमांक. कायदा लागू नसलेल्या घरावरही ग्रामसभा असा ठराव करू शकते. घरकुलाच्या हप्त्यासाठी जोत्यापासून स्लॅबपर्यंतचे फोटो आजही काढले जातात. त्यात परांचीचा एक फोटो वाढवायला नवा शासन आदेश लागेल, नवी यंत्रणा नाही.

बाहेरचं उदाहरण पाहायचं तर ब्रिटनचे २०१५ चे बांधकाम सुरक्षा नियम छोट्या घरगुती कामालाही लागू आहेत. तिथे माणसं मोजून सुरक्षा ठरत नाही. घरमालकाची बरीचशी जबाबदारी आपोआप ठेकेदाराकडे जाते आणि ठेकेदाराने काम सुरू करण्याआधी साधा सुरक्षा आराखडा करायचा असतो. आराखडा कामाच्या आकाराएवढाच, एक-दोन पानांचा असला तरी चालतो. आपल्याकडे दहाच्या आतल्या कामासाठी असं काहीच नाही. राज्याच्या नियमांत ते आणण्याची मागणी तालुक्यातूनच पुढे यायला हवी, कारण दहाच्या आतली कामं इथेच जास्त आहेत.

तोवर

हे सगळं होईल तेव्हा होईल. घर बांधायला काढलेल्या माणसाने तोवर तीन गोष्टी कराव्यात. ठेकेदाराशी लेखी करार करावा आणि त्यात विमा कुणाचा, हे स्पष्ट लिहावं. कामावरच्या प्रत्येक मजुराचा २० रुपये वार्षिक हप्त्याचा पंतप्रधान सुरक्षा विमा चालू आहे का, हे विचारावं. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी तारा, टेकू आणि परांची स्वतः पाहावी.

मजुरांच्या घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट एकच. अपघातानंतर कुणी स्टॅम्पपेपर पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नये. आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं. महिला आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. हिशेब काढून घ्यावा, मग बोलणी करावीत.

सहा माणसांच्या कामावर उंचीवरून पडलेला माणूस साठ जणांच्या कामावरून पडलेल्या माणसाइतकाच मरतो. कायद्याने दोघांत फरक केला आहे. तालुक्यातल्या अभियंत्यांनी, सरपंचांनी आणि बांधकामाचे पैसे देणाऱ्यांनी तो फरक पाळलाच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.